सांगणारीने आधी जेवायचं

आमच्या चाळीत कहाण्यांची पोथी नव्हती असं नाही. शेवंतामावशींकडे एक होती, लाल फडक्यात बांधलेली. पण ती सोडायची वेळ कधी आली नाही, कारण तिसऱ्या मजल्यावर माझी आई होती. सोमवार असो, शुक्रवार असो, नागपंचमी असो, कहाणी आईने सांगायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, हे कुणी ठरवलं नव्हतं तरी ठरल्यासारखंच होतं. आई शाळेत गेली ती जेमतेम चौथीपर्यंत, तीही मालवणाकडच्या एका वाडीतल्या, पावसात गळणाऱ्या शाळेत. पण एकदा कानावरून गेलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. गॅलरीत दोन बायका भांडल्या की दोघी आईकडे यायच्या. “सुमतीबाई, गेल्या शिमग्याला ही मला काय बोलली होती ते सांगा!” आई भाकरी थापता थापता शब्द न् शब्द सांगायची. मग भांडण मिटायचं, नाहीतर दुपटीने पेटायचं, पण आईच्या सांगण्यावर शंका कुणी घेत नसे. मी पुढे टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. शेकडो नंबर तोंडपाठ म्हणून साहेबलोक माझं कौतुक करायचे, आणि मला मनातल्या मनात हसू यायचं. माझ्या आईपुढे मी किस झाड की पत्ती!

लालबागला आमची एक खोली. एका अंगाला मोरी, एका अंगाला ओटा, वर पोटमाळा आणि दाराबाहेर सगळ्यांची मिळून लांबलचक गॅलरी. त्या गॅलरीत डोळे मिटून बसलं तरी कुणाकडे काय शिजतंय ते कळायचं. पहिल्या खोलीत लसणाची फोडणी चर्रकन् वाजली की ती शेवंतामावशींची. त्या साताऱ्याकडच्या, त्यांच्या आमटीला लसूण असा दणदणीत लागायचा की नळावरच्या बायका शिंकायच्या. आमच्या खोलीतून पाट्यावर ओलं खोबरं वाटल्याचा आवाज यायचा, जाड आणि संथ. कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा हे आमचं सणासुदीचं नव्हे, रोजचं जेवण होतं, आणि आज मोठमोठ्या हॉटेलांत ते कौतुकाने वाढतात तेव्हा मला फार मजा वाटते. शेवंतामावशी आम्हाला ‘मासेखाऊ’ म्हणून चिडवायच्या आणि तव्यावरचा तुकडा मागून न्यायच्या.

मग गिरण्यांचा संप झाला. त्याच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, सभा, मोर्चे, पुढारी, सगळं. मी तेव्हा नववीत होते आणि मला संप आठवतो तो आवाजांतून. आधी फोडण्या गेल्या, कारण तेल गेलं. मग पाटे थंडावले, कारण खोबरं गेलं. मग एका दुपारी मी शाळेतून आले आणि गॅलरीत कसलाच आवाज नव्हता. नुसते स्टोव्ह, तेही दोन-चारच. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. घरी बसायची त्यांना सवय नव्हती. ते रे रोडला लाकडाच्या वखारीत ओझी उचलायला जाऊ लागले. काम मिळालं तर मिळालं. मिळालं की संध्याकाळी येताना पिशवीत तांदूळ असायचे, नाही मिळालं की पिशवी घडी घालून खिशात. बाबांनी त्या काळात एकदाही आवाज चढवला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कारण गिरणगावातले पुरुष म्हटले की लोकांना दारू आणि मारहाणच आठवते.

ओझी उचलणाऱ्याच्या पोटात भर पाहिजे, म्हणून असेल नसेल ती भाकरी बाबांच्या फडक्यात जायची. नंतर मी आणि माझा धाकटा भाऊ संजू. आम्हाला पेज मिळायची, वर मीठ. आणि आई?

आईला उपास असायचा. सोमवार तिचा पहिल्यापासूनच होता. मग गुरुवार सुरू झाला. मग शनिवार, मारुतीचा. मग संकष्टी, एकादशी, आणि मधेच कुठली तरी आमच्या ग्रामदेवीची तिथी, जी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मी पातेल्यात डोकावले की ती म्हणायची, “तुमी खावा गो. माका उपास आसा.” लोकांच्या उपासाला साबुदाणा, शेंगदाणे, रताळी. आईच्या उपासाला काळा चहा. चाळीतल्या बायका अचंबा करायच्या. शेवंतामावशी तर हात जोडायच्या, “सुमतीबाई, तुमच्या ह्या उपासांनी संप मिटतोय बगा एक दिवस.” आई हसायची. उपाशी आहे म्हणायला लाज वाटते, उपास आहे म्हणायला वाटत नाही. आपल्या देवांनी बायकांची ही एक फार मोठी सोय करून ठेवली आहे.

हल्ली माझी लेक सोळा सोळा तास न जेवता राहते. त्याला इंग्रजीत काहीतरी भारी नाव आहे आणि त्यासाठी मोबाइलमध्ये घड्याळ लावून ठेवलेलं असतं. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, माझ्याकडेच असते. ती नातीकडे निरखून बघते आणि काळजीने विचारते, “काय गो, तुमचा रेशन संपला काय?”

तर, संपाच्या त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आई विसरू लागली. आधी पेजेत दोनदा मीठ पडलं. मग स्टोव्हवर आधण ठेवून ती तांदळाचा डबा हातात घेऊन उभी राहिली आणि कशाला उभी आहे ते तिला कळेना. बाजारात गेलो असता मिरचीच्या दुकानापाशी थांबून मला म्हणाली, “मंदा, आपण खय चाललंव?” मंदा माझी मावशी, गावी असते. मी म्हटलं, “आई, मी शालू.” तिने माझ्याकडे परक्या पोरीकडे बघावं तसं बघितलं. मग तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

घरी आल्यावर संजूला खेळायला पिटाळून तिने मला जवळ घेतलं. “कोणाक सांगू नको हां. माझी आवशी अशीच गेली. पयली माणसा इसारली, मगे आपणाकच इसारली. तिका मागल्या पडवीत ठेवलेला.” आजीबद्दल हे मला ठाऊकच नव्हतं. “बापाशीक कळला तर तो माका गावाक धाडतलो. मगे तुमका कोण बघतला?”

ती वेडी होते आहे अशी तिची खात्री होती, आणि ती तसं म्हणते म्हणून माझीही. भूक आणि डोकं यांचा काही संबंध असेल हे तिच्या मनात आलं नाही. भूक पोटात असते, असं आम्ही समजत होतो.

श्रावण लागला. आमच्या चाळीत श्रावणी सोमवारी सगळ्या बायका शिवामूठ वाहायच्या. आमच्या दारासमोर पाटावर ताम्हन, त्यात काळ्या दगडाची पिंडी. दिवेलागणीच्या आधी बायका येऊन मुठीत धान्य घेऊन बसायच्या. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. संपली की एकेकीने पिंडीवर धान्य वाहायचं आणि घरी जाऊन उपास सोडायचा. कहाणी अर्धी राहू द्यायची नाही, हा पक्का नियम. अर्धी कहाणी म्हणजे घराला अपशकुन.

पहिल्या सोमवारी आई मधे अडखळली. मी मागे बसले होते. लहानपणापासून ऐकून मला कहाणी पाठ होती. मी पुढे सरकून तिची पाठ दाबत असल्यासारखं केलं आणि कानाशी पुढचे दोन शब्द पुटपुटले. गाडी पुन्हा रुळावर आली. पुढच्या सोमवारी मी आधीपासूनच तिला चिकटून बसले. “लेक बघा कशी आईला सोडत नाही,” बायका म्हणाल्या. ती दरवेळी आधीपेक्षा जास्त ठिकाणी अडत होती आणि मी दरवेळी सावरून घेत होते. आज सांगायला हरकत नाही, मला त्याचा भारी अभिमान वाटायचा. भीतीही वाटायची, पण अभिमान जास्त. चाळीची पोथी माझी आई होती, आणि आईची पोथी मी.

इथे थोडं आजचं सांगते. गेल्या वर्षी आईला दादरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं, विसरण्याबद्दलच. या वयात विसरायचा तिला हक्क आहे, पण तरी नेलं. पोरसवदा डॉक्टर, बोलायला गोड. आजचा वार विचारला, घड्याळ काढायला लावलं. मग म्हणाल्या, “आजी, पूर्वी कधी असं झालं होतं का, की घरात बरेच दिवस पुरेसं जेवण नव्हतं?” आई ताठ झाली. “आमच्या घरात कधी कमी पडला नाय,” म्हणाली. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, स्मरणशक्तीचा नि जेवणाचा काय संबंध? त्या म्हणाल्या, “संबंध असतो, मॅडम. लोक सांगत नाहीत म्हणून आम्ही मुद्दाम विचारतो. आणि घरात अन्न कमी पडलं की आधी बाईचं ताट रिकामं होतं.” मी त्यांना संपाचं सांगितलं. आईचं बोलणं मात्र मी खोडून काढलं नाही. तिच्या हिशेबी ते खरंच आहे. आमच्या ताटात कधी कमी पडलं नाही.

श्रावणातला शेवटचा सोमवार आला आणि त्याच सकाळी मला कावळा शिवला. आता मुलींना हे सांगितलं तर त्या हसतात, पण आमच्याकडे तेव्हा ते कडक होतं. बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही, पूजेकडे फिरकायचं नाही. मला गॅलरीच्या टोकाला, जिन्यापाशी गोणपाट टाकून बसवलं. आईच्या आणि माझ्यामध्ये अख्खी गॅलरी. शेवटचा सोमवार म्हणून खालच्या मजल्यांवरच्याही बायका आलेल्या. आईने पाटावर बसण्याआधी माझ्याकडे एकदा बघितलं. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला होता.

सुरुवात बरी झाली. मी इथून ओठ हलवत होते, जणू त्याने तिला ढकलता येणार होतं. कहाणीतली सून रानात जाते, तिथे आई थांबली. मागचं वाक्य पुन्हा म्हणाली. पुन्हा थांबली. कुणीतरी खाकरलं. आईचे डोळे बायकांच्या डोक्यांवरून फिरत फिरत मला शोधू लागले आणि मी बसल्या जागेवरून, सगळा विटाळ गुंडाळून ठेवून, पुढचं वाक्य जोरात ओरडले.

एकच गलका झाला. “अगो, बाजूला बसलेली ना तू!” “कहाणी बाटवली की पोरीने!” आई उठायला गेली, तिचा तोल गेला, आणि ती भिंतीला धरून घसरत खाली बसली. “माझा डोक्या गेला,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “माका कायएक आठवत नाय. माका गावाक धाडा.” मला ते शब्द ऐकून रडू फुटलं. जे लपवायला आम्ही दोघी इतके दिवस धडपडलो ते तिने स्वतःच्या तोंडानेच उघड केलं होतं.

शेवंतामावशी तिच्याजवळ गेल्या. अंगाने थोराड बाई, गुडघे दुखायचे, तरी खाली बसल्या. आईचा हात हातात घेतला. मग तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि श्वास ओढून वास घेतला.

“हिचं डोस्कं गेलेलं न्हाई,” मावशी म्हणाल्या. “ही उपाशी हाय.”

“मावशी, उपाशी तर सगळ्याच आहोत, सोमवार आहे,” एक जण म्हणाली.

“सोमवारच्या उपासाला असला वास येत न्हाई. दुष्काळात माझ्या आईच्या तोंडाला ह्योच वास यायचा. ती बी अशीच समदं इसरायची. मला म्हनायची, तू कुनाची गं पोर? ज्वारी आली, चार दिस पोटात घास गेला, तवा वळखायला लागली.” मग आईकडे वळून, “कवापासनं?”

मीच गोणपाटावरून म्हणाले, “सगळे वार, मावशी. सगळे वार तिचा उपास असतो.”

बायका एकमेकींकडे बघेनात. आणि मग शेवंतामावशींनी ते केलं, जे करायला माझ्या मते साच्यावरच्या कुठल्याही गड्यापेक्षा जास्त छाती लागली असेल. कहाणी संपली नव्हती, तरी त्यांनी आपली मूठ उघडली आणि सगळ्यांपुढे धरली. आत तांदळाचे चारदोन दाणे होते.

“ही माझी शिवामूठ,” त्या म्हणाल्या. “म्हैनाभर हेच घेऊन बसतेय. मूठ झाकली की कुनाला काय दिसतंय? उघडा आता तुमच्या.”

आधी कुणी हललं नाही. मग एक मूठ उघडली, मग दुसरी. कुणाकडे त्या सोमवारच्या ठरलेल्या धान्याऐवजी पाच-सहा मूग, कुणाकडे तीळ, कुणाची मूठ तर रिकामीच होती. आणि काहींच्या, ज्यांच्या घरी गिरणीची नोकरी नव्हती त्यांच्या, भरलेल्या होत्या. त्या भरल्या मुठीच्या बायकांनाच जास्त लाज वाटत होती, हे मला अजून दिसतं. त्यांतली एक रडत म्हणाली, “अगं, एकदा बोलायचंत ना!” पण बोलायचं कसं? आम्ही सगळे उपास करत होतो.

मावशींनी मोठं पातेलं मागवलं. स्वतःचे दाणे त्यात टाकले. सगळ्यांनी टाकले. मग बायका घरी जाऊन आल्या, कुणी वाटीभर तांदूळ, कुणी डाळ, कुणी चार मिरच्या, एकीने गावाहून आलेला नारळ. गॅलरीतच स्टोव्ह पेटला. शेवंतामावशींनी कुठून तरी लसूण पैदा केला. सोमवारी लसूण चालत नाही, असं कुणीतरी म्हणालं, त्यावर मावशींनी आणखी दोन पाकळ्या ठेचल्या.

खिचडी झाली. मावशींनी पहिलं ताट वाढून आईपुढे ठेवलं. आईने ते लांब सारलं. “माझो घोव रे रोडाक लाकडा उचलता. तो येवच्या आदी मी जेवू? आणि कहाणी उपाशीच सांगूची असता.”

“कहानी आर्धी ऱ्हायलीय,” मावशी म्हणाल्या. “आर्धी ठेवून चालंल? समद्या चाळीवर इघ्न घेतीस का? आन् पोटात न्हाई तर तुला आठवनार कशी? तवा आजपासनं सांगनारीनं आधी जेवायचं. शंकराला मी बघते.”

देवाधर्माची एवढी चोख वकिली मी पुन्हा कधी ऐकली नाही. आईने घास उचलला. माझी आई बाबांच्या आधी, पोरांच्या आधी, भर गॅलरीत, सगळ्यांच्या देखत जेवत होती. आणि तेवढ्यात बाबा जिना चढून वर आले. माझ्या शेजारीच थबकले. केसांत लाकडाचा भुसा, हातात रिकामी पिशवी. त्यांनी मला गोणपाटावर बघितलं, बायकांचा घोळका बघितला, आईला बघितलं. आईचा हात ताटातच थिजला.

बाबांना किती कळलं ते मला सांगता येणार नाही. पण त्यांनी चपला काढल्या, कठड्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “जेव गो. मी थांबतंय.”

आई जेवली. सावकाश, मान खाली घालून, शेवटच्या शितापर्यंत. मग सगळ्यांनी खाल्लं. माझं ताट शेवंतामावशींनी जिन्यापाशी आणून दिलं आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला, विटाळ असून. त्या दिवसापासून संप चालू होता तोवर गॅलरीत एकच पातेलं शिजलं. त्याला आम्ही कधी मदत म्हटलं नाही, शिवामूठच म्हणायचो, श्रावण संपला तरी. आमच्या मजल्यावरचं एकही माणूस त्यानंतर उपाशी झोपलं नाही. लोक गिरणगाव हरलं म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही, पण आमचा मजला मी त्यात धरत नाही.

त्या संध्याकाळी मात्र कहाणी राहिली होती. आईने हात धुतले, पदर खांद्यावरून घेतला आणि पाटावर बसली. जिथे सुटली होती तिथून नाही, पहिल्यापासून सुरू केली. बाबा कठड्यापाशी उभे होते, पुरुष असून ऐकत होते. सून रानात गेली आणि आई पुन्हा तिथेच थांबली. मी लांबून तोंड उघडलं.

आईने हात वर केला, तळवा माझ्याकडे.

“गप रव गो,” ती म्हणाली. “माका येता.”

आणि डोळे मिटून घेऊन तिने पुढचं वाक्य सांगितलं.